मोठ्या शहरात राहून नीट खाणं आणि तब्येत सांभाळणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाचे तास लांब, प्रवास त्याहून लांब आणि स्वयंपाकाचा ओटा हातभर, अशा घरात राहणाऱ्यांसाठी हे पान आहे. काय खावं हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते रात्री आठला दमून घरी पोचल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना. त्या घटकेला माणूस जे हाताशी असेल ते खातो. त्यामुळे इथली बरीचशी उत्तरं एकाच गोष्टीभोवती फिरतात: भूक लागायच्या आधी काय काय उरकून ठेवता येतं. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर खालचे आकडे तसेच्या तसे लावू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

सगळं एकदम बदलणं जमत नाही. सुरुवात कुठून करू?

रात्रीच्या जेवणापासून. सकाळचा नाश्ता सुधारायला बसणारे पुष्कळ असतात, पण सकाळ बिघडलेली असते ती आदल्या रात्रीमुळे. दहाला जड जेवण, साडेबाराला झोप, सकाळी भूक नाही, म्हणून नाश्ता नाही, मग अकराला बिस्किटं, दुपारी घाईचं काहीतरी आणि संध्याकाळी पुन्हा पोटात खड्डा. ही साखळी रात्रीच्या ताटापाशी तोडणं सगळ्यात सोपं.

कामाच्या पाच रात्रींपैकी तीन रात्री घरी शिजवलेलं खायचं, एवढंच पहिल्या महिन्याचं लक्ष्य ठेवा. पाचही रात्रींचा पण करणारे दुसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकतात आणि मग सगळंच सोडून देतात. आणखी एक साधी युक्ती लागू पडते: घरी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एखादं फळ, मूठभर शेंगदाणे किंवा वाटीभर दही खा. दारात शिरताना भूक आटोक्यात असली की वीस मिनिटं स्वयंपाक करण्याइतका धीर राहतो. जिमची वर्गणी, महागड्या बिया आणि पावडरी यांचा विचार हे जमल्यावर.

रोज स्वयंपाकाला वेळ नाही. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं करून ठेवलं तर?

करा, पण पाच दिवसांची पाच तयार जेवणं डब्यांत भरून ठेवू नका. तिसऱ्या दिवशी तोच डबा उघडवत नाही आणि शेवटचे दोन टाकले जातात. जेवणाऐवजी जेवणाचे घटक तयार ठेवा, जोडणी त्या त्या रात्री करा.

एका माणसाचा हिशोब असा. २५० ग्रॅम कोरडं कडधान्य रात्री भिजवून सकाळी शिजवा. शिजल्यावर ते साधारण अडीच पट होतं, म्हणजे चार जेवणांची सोय झाली. सहा अंडी उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकतात (सोललेली मात्र एक-दोन दिवसांत संपवा). गाजर, कोबी, फरसबी यांसारख्या टणक भाज्या चिरून बंद डब्यात तीन-चार दिवस चांगल्या राहतात. पालेभाजी चिरून ठेवू नका. निवडा, माती जाईपर्यंत धुवा, कापडावर पूर्ण सुकवा आणि डब्यात खाली-वर कोरडा कागद घालून ठेवा. पालेभाजी सडते ती पानांवर राहिलेल्या पाण्यामुळे.

वेळ सगळ्यात जास्त वाचवते ती कांदा-टोमॅटोची परतून ठेवलेली गोळी. चार कांदे, चार टोमॅटो, आलं-लसूण दोन मोठे चमचे तेलात पाणी आटेपर्यंत परता, गार करा, बर्फाच्या साच्यात घालून गोठवा. दोन गोळ्या कढईत टाकल्या की फोडणीची पंधरा मिनिटं वाचतात. कामाचा क्रमही लक्षात ठेवा: आधी कडधान्य चुलीवर, मग अंडी, त्या दोन्हींच्या वेळात चिरणं. असं केलं तर सगळं दीड तासात आटोपतं. चिरण्यापासून सुरुवात केलीत तर तीन तास जातात.

शिजवलेलं अन्न किती दिवस चालतं? गरम असताना फ्रीजमध्ये ठेवायचं की नाही?

फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस. त्यापुढे लागणार असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. चौथ्या दिवशी ‘आता गोठवून टाकू’ म्हणण्याला अर्थ नाही, कारण गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या खाली आणि फ्रीझरचं उणे १८ असायला हवं. दारावरचा आकडा पाहू नका. साधा तापमापक पाण्याच्या पेल्यात घालून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा आणि सकाळी वाचा. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवलेला असला किंवा आत खच्चून भरलेला असला की आकडा हमखास जास्त निघतो.

५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. म्हणून ‘पूर्ण गार झाल्यावरच फ्रीजमध्ये’ हा सल्ला खोल पातेल्याला लावला तर घात होतो. पातेल्याच्या कडेला बोट लावलं तर गार लागतं, पण मध्ये चमचा खुपसून काढला तर वाफ येते. कडेवरून अंदाज बांधायचा आणि आतली ऊब तासन् तास तशीच राहू द्यायची, इथेच चूक होते. उपाय सोपा आहे. अन्न उथळ डब्यांत पसरा, थर पाच सेंटिमीटरहून जाड नको. डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवून अर्धा तास ढवळा, मग थोडं कोमट असलं तरी फ्रीजमध्ये सरकवा.

पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७० अंश पोचायला हवेत, म्हणजे पातळ पदार्थाला खदखदून उकळी आणि कोरड्या पदार्थाच्या मध्यातून वाफ. मायक्रोवेव्ह काही जागा थंड सोडतो, त्यामुळे मध्ये एकदा थांबवून ढवळा. गरम केलेलं परत फ्रीजमध्ये ठेवू नका. लागेल तेवढंच बाहेर काढा.

उरलेल्या भाताला एवढं घाबरायचं कशाला?

घाबरायचं नाही, पण ओट्यावर रात्रभर ठेवायचाही नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही टिकतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष उष्णतेने नष्ट होत नाही. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी कितीही खमंग परतला तरी उपयोग नाही, तो याच कारणाने. भात तासाभरात पसरून गार करा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करून संपवा.

खोलीत गॅस नाही, फक्त भाताचा इलेक्ट्रिक कुकर आहे. त्यात पूर्ण जेवण होतं का?

चांगलं होतं. एका माणसाला ७५ ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मसूर डाळ, दोन मुठी भाज्या (गोठवलेल्या चालतील), पाव चमचा मीठ, थोडी हळद आणि ४०० मिलिलिटर पाणी. तांदूळ-डाळ धुऊन वीस मिनिटं भिजवा, सगळं एकत्र घाला, कुकर सुरू करा. बटण वर उडाल्यावर एक अंडं फोडून वर सोडा आणि झाकण लावून बलक घट्ट होईपर्यंत ठेवा, सात-आठ मिनिटं लागतात. शेवटी चमचाभर तेल किंवा तूप आणि लिंबू.

फेस उतू जातो तो डाळीमुळे, म्हणून भांडं निम्म्याहून जास्त भरू नका. खाली लागतं ते पाणी कमी पडल्याने किंवा डाळ नीट न धुतल्याने. पालेभाजी सुरुवातीला घातली तर काळपट लगदा होतो. ती बटण उडाल्यावर अंड्याबरोबर घाला.

राजमा मात्र या कुकरमध्ये किंवा मंद आचेच्या भांड्यात थेट शिजवू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाब घडवू शकतात. अर्धवट तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात खदखदत्या उकळीवर कमीत कमी १० मिनिटं ठेवा (अर्धा तास दिलात तर शंकाच नको) आणि मग हवा तसा मऊ करा. हे जमणार नसेल तर डबाबंद शिजवलेला राजमा घ्या, तो सुरक्षित असतो.

पाण्याच्या किटलीत अंडी, शेवया, दूध शिजवण्याचे सल्ले फिरत असतात. दूध आणि पीठ तळाला चिकटतं, करपतं आणि किटलीचा आपोआप बंद होण्याचा भाग बिघडतो. किटली पाण्यापुरतीच ठेवा.

प्रोटीन पावडर घ्यावी का?

बहुतेकांना गरज नाही. निरोगी प्रौढाची रोजची गरज वजनाच्या किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ६० ग्रॅम कोरड्या डाळीतून १४, दोन अंड्यांतून १२, दूध-दही मिळून ४०० ग्रॅममधून १३ आणि दिवसभराच्या २०० ग्रॅम धान्यातून आणखी १५ ते २० ग्रॅम मिळतं. झाला हिशोब पुरा, वर निदान चार ग्रॅम शिल्लक. वजनं उचलणाऱ्यांना आणि साठी ओलांडलेल्यांना जास्त लागतं, तरी आधी ताटातली डाळ वाढवून पाहा.

कमी पडतं ते ठरावीक दोन जेवणांत: चहा-बिस्किटांचा नाश्ता आणि नुसत्या पिठाची दुपार. सगळं प्रोटीन रात्रीवर ढकललं की दिवसभर खा-खा सुटते.

रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायची म्हणतात. एवढी खरंच कोण खातं?

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे तो, आणि वाटतो तितका अवघड नाही. दोन मध्यम फळं म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास. उरलेले दीडशे ग्रॅम म्हणजे शिजलेल्या भाजीची एक मोठी वाटी. बटाटा आणि रताळं यात धरत नाहीत. गोठवलेले मटार, फरसबी, पालक पोषणात ताज्यांच्या बरोबरीचे असतात. चार दिवस फ्रीजच्या तळाशी सुकलेल्या ‘ताज्या’ भाजीपेक्षा कधीकधी सरसच.

फळाचा रस या हिशोबात आणू नका. तीन-चार संत्री पेल्यात दोन मिनिटांत संपतात, चोथा गेलेला असतो आणि साखर उरते.

धुताना वाहत्या पाण्याखाली हाताने चोळा. साबण लावू नका, तो सालीत मुरतो. ज्यांची साल आपण फेकतो ती फळंसुद्धा धुवायची, कारण सुरी सालीवरची घाण आत ओढते.

बाहेर खाणं टळत नाही. निवड कशी करायची?

पोट बिघडू नये म्हणून गर्दीची जागा बघा. तिथे माल पडून राहत नाही. समोर शिजलेलं आणि वाफाळतं घ्या. त्रास बहुधा मुख्य पदार्थातून येत नाही, बाजूच्या गोष्टींतून येतो: उघड्यावर तासन् तास असलेली ओली चटणी, बर्फ, आधीच कापून ठेवलेलं फळ, कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कच्ची कडधान्यं. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तेवढीच मानवते, म्हणून मोड वाफवून घ्या.

वजन आणि रक्तदाबाच्या दृष्टीने पाहायचं तर बाहेरच्या जेवणात तेल आणि मीठ मुक्त हस्ताने असतं. रस्सा ताटात उरला तरी चालेल, त्यातच दोन्ही सगळ्यात जास्त असतात. घरी मागवत असाल तर भात घरचा लावा, फक्त भाजी मागवा आणि ती दोन जेवणांना वाटा. त्यात गोठवलेली भाजी मूठभर उकळून मिसळली की मीठही विरतं. मागवायचं ते भूक लागायच्या आधी ठरवा. उपाशीपोटी यादी चाळली की एकाचे तीन पदार्थ होतात.

पेयांकडे दुर्लक्ष होतं. गोड कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, चमच्याच्या हिशोबाने जवळजवळ नऊ चमचे. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, ५० ग्रॅम ही वरची मर्यादा.

पाकिटावरचं लेबल वाचायला वेळ नसतो. नेमकं काय पाहू?

दोन गोष्टी, दहा सेकंद. पहिली, घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, त्यामुळे पहिले तीन म्हणजेच तो पदार्थ. ‘धान्याचं बिस्किट’ असं पुढे मोठ्या अक्षरांत असतं आणि मागे पहिले तीन मैदा, साखर, पामतेल निघतात. साखर चार नावांनी वाटून लिहिली की ती यादीत खाली सरकते. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, फळरसाचा अर्क ही सगळी एकाच गोटातली.

दुसरी, १०० ग्रॅममागचा रकाना. ‘एका वाढपात’चा रकाना सोडा, कारण ते वाढप कंपनीने ठरवलेलं असतं, कधी कधी दीड बिस्किटाचं. १०० ग्रॅममध्ये २२.५ ग्रॅमहून जास्त साखर, ५ ग्रॅमहून जास्त संपृक्त चरबी किंवा १.५ ग्रॅमहून जास्त मीठ म्हणजे पदार्थ रोजचा नाही. मिठाऐवजी सोडियम लिहिलं असेल तर अडीचने गुणा: ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि त्यात सॉस, लोणचं, ब्रेड सगळं आलं.

नळाचं पाणी उकळावं की फिल्टर लावावा?

कशाची भीती आहे त्यावर ठरतं. जंतूंसाठी उकळणं सगळ्यात खात्रीचं: पूर्ण खदखदा आल्यावर १ मिनिट, आणि शहर समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून उंच असेल तर ३ मिनिटं. वीस मिनिटं उकळून गॅस जाळू नका. मात्र उकळल्याने क्षार, शिसं, नायट्रेट जात नाहीत. पाणी आटतं तसे ते उलट थोडे दाट होतात.

अतिनील दिव्याचा फिल्टर पाणी स्वच्छ दिसत असेल तरच काम करतो, गढूळपणाच्या आड जंतू लपतात. आरओ क्षार आणि धातू काढतो, पण बरंच पाणी वाया घालवतो. मुळात गोड्या पाण्याला तो लावण्यात अर्थ नाही. कोणताही फिल्टर घ्या, आतलं काडतूस (पाणी गाळणारा, बदलता येणारा भाग) वेळेवर बदललं नाही तर तोच जंतूंचं घर होतो. बसवल्याची तारीख त्याच्यावरच पट्टी चिकटवून लिहा.

जुन्या इमारतीत शिशाचे नळ किंवा जोड असण्याची शक्यता असते. अशा घरात सकाळचं पहिलं, रात्रभर नळीत मुरलेलं पाणी धुण्याभांड्याला वापरा आणि पिण्या-शिजवण्यासाठी गरम पाण्याचा नळ कधीच नको, कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. एवढं करूनही पाणी चांगलं न राहण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे साठवण: उघडं भांडं आणि त्यात बुडणारी बोटं. तोटीचं झाकणबंद भांडं घ्या.

हवा खराब असताना चालायला जावं का? मास्क आणि एअर प्युरिफायरने फरक पडतो?

चालायला जा, पण रस्ता बदला. वाहनांचा धूर मुख्य रस्त्यालगत सगळ्यात दाट असतो. शंभर-दोनशे मीटर आतली गल्ली धरली तरी बराच कमी होतो. सूक्ष्म धूलिकणांची म्हणजे पीएम २.५ ची पातळी रोज बघा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. बऱ्याच शहरांत ती क्वचितच पाळली जाते, म्हणून तेवढ्यावर घरात बसू नका. पातळी त्याच्या कितीतरी पट चढलेल्या दिवशी धावण्याऐवजी घरात व्यायाम करा. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्याआधीच थांबावं.

कापडी मास्कने सूक्ष्म कण अडत नाहीत. एन-९५ दर्जाचा मास्क ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो, पण तो चेहऱ्याला चिकटून बसला तरच. पडताळणी चष्म्याने करा: श्वास सोडल्यावर काच धुरकट झाली म्हणजे नाकाजवळून हवा निसटते आहे. मास्कच्या वरच्या कडेची वाकणारी पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावर दाबत खाली न्या, एका हाताने चिमटा काढल्यासारखी दाबली की मध्ये कोन पडतो आणि तिथूनच गळती होते. दाढी असेल तर मास्क नीट बसतच नाही.

प्युरिफायर घेताना खोलीचं आकारमान काढा. ३ बाय ४ मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राची क्षमता तासाला १६० घनमीटर हवी. हा आकडा पूर्ण वेगाचा असतो. झोपेच्या आवाजरहित वेगावर निम्माही राहत नाही, म्हणून थोडं मोठं यंत्र घ्या. ओझोन सोडणारी यंत्रं नकोत. आणि घरातलाच धूर आधी थांबवा: डासांची अगरबत्ती, उदबत्ती, धूर सोडणारी कढई. फोडणी टाकताना पंखा सुरू आणि खिडकी उघडी.

दिवसभर खुर्चीत बसतो. जिमशिवाय भागेल का?

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढं प्रौढांना पुरतं. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, मिनिटाला साधारण शंभर पावलं. प्रवासात एक थांबा आधी उतरून रोज दोन्ही वेळा पंधरा मिनिटं चाललात तर पाच दिवसांत दीडशे झाली.

स्नायूंसाठी ओट्याची कड पुरते. ओट्यावर हात टेकून दंड, खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, पायरीवर टाचा उचलणं, पाठीवरच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून ती कमरेतून वाकून ओढणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज होत असेल तर ओट्याऐवजी खालची खुर्ची घ्या. गुडघा दुखतो तो बहुधा उठताना गुडघे आत वळल्याने, ते पायाच्या बोटांच्या दिशेत ठेवा.

झोप पुरत नाही, आणि कॉफीशिवाय दिवस ढकलत नाही.

या दोन्ही तक्रारी बहुधा एकच असतात. कॅफिनचं निम्मं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीचा अर्धा जोर रात्री दहाला शिल्लक असतो. शेवटचा कप दुपारी दोनच्या आत घ्या. दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन प्रौढांना चालतं, गरोदरपणात २०० पर्यंत.

चहा-कॉफी जेवणाबरोबर नको, तासाभराचं अंतर ठेवा, नाहीतर धान्य-भाज्यांतलं लोह नीट शोषलं जात नाही. उलट डाळीवर लिंबू पिळलं की लोह जास्त मिळतं.

निदान सात तास झोप हवी. रस्त्याच्या आवाजासाठी आधी खिडकीच्या फटी रबरी पट्टीने बंद करा, आवाज काचेपेक्षा फटीतून जास्त येतो. मग फोमचे कानातले बोळे: बोटांनी चोळून बारीक करा, कान वर-मागे ओढा, घाला आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसते टेकवले तर निरुपयोगी.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्यात का?

अंदाजाने नको. दोन मात्र तपासून घेण्यासारखी आहेत. ड जीवनसत्त्व, कारण ते तयार करणारे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. उन्हाच्या खिडकीशी बसून काम केलं तरी ते मिळत नाही. आणि बी-१२, जे वनस्पतींमध्ये भरवशाचं नसतंच. दूध-अंडीही न खाणाऱ्यांना ते बाहेरून घ्यावंच लागतं.

रक्तदाब घरी मोजला तर दर वेळी वेगळा येतो. यंत्र खराब आहे का?

बहुधा मोजण्याची पद्धत. आधी अर्धा तास चहा, सिगारेट, व्यायाम नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या कातडीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. आठवडाभराची सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

एवढं करूनही पोट बिघडलंच तर?

जुलाबात आधी पाणी आणि क्षार भरून काढायचे. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी सगळ्यात चांगली. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवा, अर्धी-अर्धी करून अंदाजाने नाही. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडणं धोक्याचं, म्हणून चमचा सुरीच्या पात्याने सपाट करा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून मग चमच्या-चमच्याने घ्या, गटागटा नको. केलेलं पाणी २४ तासांनी टाका. भूक असेल तर मऊ भात, दही, केळं चालतं, उपाशी राहण्याची गरज नाही.

शौचात रक्त, ३९ अंशांच्या वर ताप, तीन दिवसांपेक्षा जास्त जुलाब, पाण्याचा घोटही न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं एकही दिसलं तर घरचे उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वयस्कर माणूस असेल तर एवढी वाटही पाहू नका. जुलाब थांबवणारी गोळी ताप किंवा रक्त असताना स्वतःहून घ्यायची नाही. एकटे राहत असाल तर शेजारच्या कुणालातरी सांगून ठेवा आणि दाराची आतली कडी लावू नका.